किलियानची चकती

लिओबेन शहरातल्या प्रयोगशाळेत हेम्मा कित्येक वर्षं तांब्याच्या चकत्या प्रचंड दाबाखाली पिळत होती. पिळताना धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमा सरकतात, असं तिला वाटे. पण दिसलं कधीच नव्हतं. नव्याने आलेल्या किलियानला ते पहिल्याच हिवाळ्यात दिसलं. प्राध्यापकांनी केक आणला. हेम्माने आपला तुकडा बशीतच ठेवला.

"तापली असेल तुझी चकती. नुसत्या उष्णतेनेही सीमा सरकतात," ती म्हणाली.

"मग तूच तपास की!" किलियान हसला.

चूक सापडेल या आशेने त्याची चकती पुन्हा थोडीथोडी पिळत ती मायक्रोस्कोपला चिकटून बसली. सीमा खरंच सरकली, शेजारचा कण गिळत. इतकं देखणं काही तिने पाहिलं नव्हतं, म्हणूनच ती जास्त जळली.

"बरोबर आहे तुझं," ती कशीबशी म्हणाली. तो आनंदाने मिठी मारायला आला, तेव्हा तिने कॉफीचा कप मध्ये धरला.