चौदा विमानांचा मालक

मिन ग्योंग-तेकला चौदा लढाऊ विमानं येत होती आणि एक गाडी धड लावता येत नव्हती. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तो पुढे-मागे, पुढे-मागे करत राहायचा. शेवटी वॉचमन कंटाळून यायचा आणि म्हणायचा, "काका, उतरा. द्या किल्ली इकडे." लिफ्टने नवव्या मजल्यावर पोचला की मात्र हाच काका कमांडरसाहेब व्हायचा.

स्वयंपाकघरामागच्या बंद बाल्कनीत त्याचं कॉकपिट होतं, संगणकावर विमानं उडवायच्या खेळाचं. तिथे आधी किमचीचा, म्हणजे कोरियन लोणच्याचा, फ्रिज असायचा. तो उचलून त्याने बायकोच्या उशाशी नेऊन ठेवला, आणि बिचारी संग-सुक तेव्हापासून त्या फ्रिजची घरघर ऐकत झोपते आहे. फ्रिजच्या जागी आली भंगारातल्या गाडीची सीट, समोर तीन मोठे पडदे आणि त्यांच्याखाली एक लहान पडदा, ज्यावर नुसत्या वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्या. उजव्या हाताला स्टिक, डाव्या हाताला थ्रॉटल, पायाखाली पेडलं. दर शनिवारी इथून 'पांढरा वाघ' पथक उड्डाण करायचं. पथकात कोण, तर एक दंतवैद्य, एक पालिकेतला कारकून आणि एक तळलेल्या कोंबडीचा दुकानदार. त्या दुकानदाराच्या माइकमधून क्षेपणास्त्रांपेक्षा तेलाचा चुरचुराटच जास्त ऐकू यायचा.

आणि 'विमानं येत होती' म्हणजे काय, हेही सांगायला हवं. त्याच्या मुलीला, हेरिमला, हे कळायला पंधरा वर्षं लागली. बाबाला विमान चालू करता यायचं. पाचशे-सहाशे पानांचं पुस्तक तो महिनोन्महिने घोकायचा, कुठलं बटण आधी, कुठलं मागून, आणि इंजिन धडधडायला लागलं की स्वतःच टाळ्या वाजवायचा. मग स्वच्छ हवेत एक चक्कर, लांबलचक धावपट्टीवर एकदा उतरणं, झालं. आलं विमान. पुढच्या वर्षी दुसरं. हॅरियर झालं, फँटम झालं, रशियन मिग आणलं तेव्हा तर घरात जेवण गोड लागेना. मिगमध्ये उंची मीटरमध्ये असते. मिगमध्ये क्षितिज दाखवणारं यंत्र उलटं असतं, आपल्याकडे क्षितिज कलतं, त्यांच्याकडे विमान कलतं, आणि हे समजावून सांगायला तो सूपची वाटी अशी कलती करायचा की टेबलावर ओघळ. संग-सुक पुसायची. पुसून झाल्यावर एवढंच म्हणायची, "आता आपल्याकडचं दाखवू नका."

या सगळ्याचं मूळ त्याच्या डोळ्यांत होतं. तरुणपणी हवाई दलाच्या तपासणीत रंगांधळा निघाला, पहिल्याच दारातून परत. त्यानंतर पठ्ठ्याने धंदा कुठला निवडावा, तर घराच्या भिंतींना चिकटवायच्या रंगीत कागदाचा. हिरवा आणि तपकिरी ज्याला एकच, तो गिऱ्हाइकाला बेडरूमचे रंग सुचवतो. बायको शेजारी उभी राहून नमुन्यांची नावं वाचते म्हणून दुकान चाललंय.

हेरिमला त्याने नऊ वर्षांची असताना मांडीवर घेऊन बसवलं. इतर पोरी पियानोच्या शिकवणीला जायच्या, ही सेबर नावाच्या जुन्या लढाऊ विमानाचं इंजिन चालू करायला शिकायची. वाढदिवसाला नवं विमान. "वेग?" तो मागून विचारायचा. "उंची? उतरण्याचा दर?" आणि ती तबकड्यांवरून नजर न काढता आकडे म्हणून दाखवायची. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा तिला ते फार आवडायचं, हे नाकारून चालणार नाही. पुढे ती हवाई दलाच्या अकादमीत गेली आणि ग्योंग-तेकला आभाळ ठेंगणं झालं. न्हाणीघराचा कागद घ्यायला आलेल्या म्हातारीलाही मुलीला आपण कसं घडवलं ते ऐकल्याशिवाय सुटका नसायची.

आता ही घडलेली मुलगी प्रशिक्षणाच्या विमानात दोनदा नापास झाली होती. घरी तिने कळवलं नव्हतं. तिसरी परीक्षा सोमवारी. त्यातही नापास झाली की उडणं संपलं, पुढची सगळी नोकरी जमिनीवर, कुठल्यातरी कचेरीत.

नापास का झाली ते तिला नेमकं ठाऊक होतं. पहिल्या वेळी धावपट्टीभोवतीच्या फेरीत तिच्या नाकासमोर दुसरं विमान होतं आणि तिला ते दिसलंच नाही, कारण ती उंची बघत होती. उंची अगदी बिनचूक होती. दुसऱ्या वेळी चाकं टेकण्याच्या ऐन क्षणी तिने वेग बघायला मान खाली घातली आणि विमान असं आपटलं, की मागे बसलेल्या परीक्षकाच्या तोंडून शिवी गेली. तिचा शिक्षक, मेजर ग्वोन, एकदा उडता उडता मागून ओरडला होता, "बाहेर एवढं आभाळ पडलंय, आत काय शोधतेस?" दुसऱ्या दिवशी त्याने तबकड्यांवर जाड कागद चिकटवून टाकला, आणि इतकी वर्षं शिकलेली हेरिम त्या कागदाकडेच बघत बसून राहिली. खाली उतरल्यावर ग्वोनने विचारलं होतं, "तुला हे शिकवलं कोणी?"

"कोणी नाही, सर."

शनिवारी दुपारी ती घरी आली. आईने कोंबडीचा तिखट रस्सा केला होता, बटाटे घालून, तिला आवडतो तसा. ती बटाटे नुसते बाजूला सारत राहिली. ग्योंग-तेकचं मात्र चौदावं विमान नुकतंच पार पडलं होतं, रशियन, दोन इंजिनांचं, त्यामुळे त्याची टकळी थांबायचं नाव घेईना. जेवण झालं न झालं तोच त्याने तिला बाल्कनीत ओढलं. पथकाला आधीच सांगून ठेवलेलं, आज माझी विद्यार्थिनी येणार. तिघेही ऐकत होते, आणि बाबाच्या पडद्यावर जे दिसतं ते तिघांनाही आपापल्या घरी दिसत होतं.

दंतवैद्याने अदबीने विचारपूस केली. मग कोंबडीवाला तेलाच्या आवाजातून म्हणाला, की ताई, तुमचे तिकडचे शिक्षक चाटच पडले असतील, एवढं तयार पोर हाती आलं म्हणून. ग्योंग-तेक हसला. ते हसू बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की चल, सांग आता यांना, इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट बघतोय.

हेरिम उठली, स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरचं फडकं उचललं आणि तबकड्यांच्या लहान पडद्यावर टाकलं.

"बाबा, आता विमान उतरवून दाखवा."

"हे काय?"

"तुम्हाला सगळ्यात चांगलं येतं ते विमान घ्या. हवा स्वच्छ ठेवा. फक्त उतरवा."

त्याने आधी थट्टेवारी नेलं. मग असं कुठे असतं का, फडकं टाकून कोण उडतं, हे नियमात बसत नाही वगैरे झालं. पण तिघं बघत होते, माघार घ्यायची पंचाईत. त्याने सेबर घेतलं. तेच, ज्यावर त्याने तिला शिकवलं होतं. आणि धावपट्टी समोर दिसत असताना, भर दुपारच्या उन्हात, कमांडरसाहेबांनी सेबर कुंपणापलीकडच्या शेतात नेऊन घातलं. पुन्हा घेतलं. या वेळी इतक्या उंचावरून आला, की धावपट्टी खालून निघून गेली तरी हा हवेतच. तिसऱ्यांदा विमान मोडलं. प्रत्येक वेळी ऐन मोक्याला त्याची मान पुढे यायची, कासवासारखी, आणि डोळे फडक्यावर जायचे. फडक्यावर रश्श्याचा डाग होता. तो त्या डागाकडे बघत होता, समोर जमीन अंगावर येत होती, तरी डागाकडेच.

हेरिम शेजारी उभी राहून ती मान बघत होती. तिला वाटलं होतं, आपल्याला मजा येईल. पण ती मान तिचीच होती. विमानात मागे बसून मेजर ग्वोनला रोज हेच दिसत असणार.

"आज वारा जरा जास्तच आहे, कमांडरसाहेब," कोंबडीवाला म्हणाला. कारकुनाने दुजोरा दिला. वारा शून्यावर होता, ते पडद्यावर कोपऱ्यात लिहिलेलं होतं.

ग्योंग-तेकने माइक बंद केला. तेव्हा तिने सांगून टाकलं, दोनदा नापास झाले, कशाने झाले, आणि सोमवारी शेवटची. आवाज चढवला नाही. दारात आई नाशपातीच्या फोडींची ताटली घेऊन उभी होती, तिनेही ऐकलं.

त्याने विचारलं तर काय, "तिकडे विचारलं का गं कोणी, कुणी शिकवलं म्हणून?"

"विचारलं."

"मग?"

"म्हटलं, कोणी नाही."

त्याने मान हलवली, जशी गिऱ्हाइकाने कागद परत केला की हलवायचा. संग-सुकने आयुष्यभर त्या बाल्कनीला शिव्या घातल्या होत्या, तिने ताटली त्याच्याच मांडीवर ठेवली आणि आत निघून गेली. हेरिम रविवारी सकाळच्या बसने परतली. निरोप घेताना तो तिच्याशी हवामानाबद्दल बोलला.

आता कोणालाही वाटेल, की इतकं तोंडघशी पडल्यावर माणूस गप्प बसेल. हा बसला नाही. हल्ली सैन्यातल्या पोरांच्या आईबापांना एक खोड लागली आहे, पोराला सर्दी झाली तरी थेट अधिकाऱ्याला फोन करायचा. पालकांच्या ग्रुपवर नंबर असतातच. ग्योंग-तेक या खोडीला नाकं मुरडणारा. पण सोमवारी सकाळी हेरिम हेल्मेट घेऊन उभी होती, आजूबाजूला तिच्याच तुकडीतली पोरं, आणि मेजर ग्वोन समोर येऊन म्हणाला, "तुझ्या वडिलांचा काल फोन होता. मी जेवत होतो."

कोणीतरी खुदकन हसलं.

ग्वोनने सगळं सांगितलं, कोरड्या आवाजात, आणि पोरं ऐकत राहिली. वडील म्हणाले, पोरीचा दोष नाही. म्हणाले, डोळे खाली घालायची सवय मीच लावली, माझं नाव लिहून घ्या, काय शिक्षा असेल ती मला करा. मग म्हणे त्यांनी सेबरचं इंजिन कसं चालू करायचं ते पहिल्यापासून सांगितलं, म्हणजे मेजरसाहेबांना अंदाज यावा, की काय काय शिकवलंय. तोवर ग्वोनचं जेवण गार झालं होतं. "शेवटी ते रडायला लागले," ग्वोन म्हणाला. "जा. परीक्षक वाट बघताहेत."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. हा माणूस स्वतःची नाचक्कीसुद्धा पथकाच्या कवायतीसारखी करतो, चारचौघांत, नाव नोंदवून. शरमेने तिचे कान जळत होते, ते विमानात बसल्यावरही जळतच राहिले. इतका राग होता, की भीतीला जागाच उरली नाही.

फेरीत वळताना तिची मान नेहमीसारखी खाली निघाली, आणि तिला ती दिसली, बाबाची मान, फडक्याकडे ताणलेली. चीड येऊन तिने डोकं वर केलं. समोर डावीकडे एक विमान होतं. परीक्षकाने सांगायच्या आत तिने ते सांगितलं. पुढे एकदा ओझरता वेग बघितला, तेवढाच. पुन्हा मान निघाली, पुन्हा वर. शेवटच्या वळणानंतर धावपट्टी समोर आली आणि तिने नजर पट्टीच्या पार पलीकडच्या टोकावर ठेवली. तिथेच ठेवली. खालून काहीतरी हलकेच खरडल्यासारखं झालं. चाकं टेकली होती. परीक्षक मागून म्हणाला, "हं." तिकडे हेच फार असतं.

संध्याकाळी तिने घरी फोन केला. फोन आईने उचलला, पास म्हटल्यावर रडली, हसली, आणि काही विचारायच्या आत फोन बाल्कनीत नेऊन दिला. हेरिमने ठरवलं होतं, त्या फोनबद्दल बाबाला चांगलं खडसवायचं. वाक्यंसुद्धा तयार होती.

ग्योंग-तेकने अभिनंदन केलं नाही. घसा साफ केला आणि जुन्याच, मागून विचारायच्या आवाजात म्हणाला, "चाकं टेकली तेव्हा वेग किती होता?"

"माहीत नाही, बाबा. मी बघितलाच नाही."

पलीकडे सीट करकरली. एवढ्या वर्षांत आकडा विचारला आणि आकडा आला नाही, असं त्यांच्यात कधी झालं नव्हतं. आता तो भाषण देईल म्हणून ती वाट बघत राहिली.

"मग कळलं कसं तुला?" तो म्हणाला.

"जमीन दिसते ना, बाबा."

तिची तयार वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"कशी दिसते?" त्याने विचारलं.