कडीखालचं अक्षर

जुन्या रिव्हॉल्व्हरचं वय सांगणं हा काही पोट भरण्याचा धंदा नव्हे, पण त्याचं पोट आयुष्यभर त्यावरच भरत आलं होतं. लिलाववाले, हौशी संग्राहक, आजोबांच्या ट्रंकेत हत्यार सापडल्यामुळे घाबरगुंडी उडालेले नातू, सगळे त्याच्याकडे येत. तो मुठीखालचा नंबर भिंगातून वाचायचा, नळीवरचे शिक्के बघायचा, स्क्रू चाचपायचा आणि साल सांगून मोकळा व्हायचा. म्हणून त्याचं नावच पडलं सालवाले. स्वतःच्या शर्टाचं माप विचारलं तर हा गृहस्थ कॉलर उलटी करून बघणार, पण रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पणजोबांनी रणांगणावर गाजवलेला पराक्रम त्याने कितीतरी घरांत एका वाक्यात मातीला मिळवला होता, कारण ते हत्यार मुळी लढाई संपल्यावर कारखान्यातून बाहेर पडलेलं असायचं. लोक हिरमुसले होऊन निघून जायचे. साल काही तो फिरवायचा नाही.

फक्त एका रिव्हॉल्व्हरचा नंबर त्याने कधी बघितला नव्हता. ते त्याच्याच घरात, आईच्या कपाटात, कपड्यांच्या घड्यांमागे होतं. पाच वर्षांचा असताना त्याने त्या रिव्हॉल्व्हरने वडिलांचा जीव घेतला होता.

हे काही गुपित नव्हतं. पोराने खेळता खेळता ड्रॉवर उघडला, हत्यार हातात घेतलं, चाप ओढला गेला. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. कोणी त्याला बोल लावला नाही, आणि खरं तर तेच वाईट झालं, कारण निदान कोणी बोललं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. आईने घरातले वडिलांचे सगळे फोटो काढून टाकले, पोराला त्रास नको म्हणून. ताई, त्याची मोठी बहीण, लग्न होऊन लांब गेली आणि दर वाढदिवसाला त्याला न चुकता एक माप मोठा शर्ट पाठवत राहिली. त्याने स्वतः लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर 'उद्या घरात मूल आलं तर' एवढंच तो म्हणायचा.

त्याला सगळं लख्ख आठवत असे. लोखंडाचा गार स्पर्श, मुठीच्या बुडाला दोरी अडकवायला लावलेल्या कडीची किणकिण, आरशासमोर दाढी करणारे बाबा, एका गालावर साबणाचा फेस, आणि मग त्यांचं वळून बघणं. एवढंच असतं तर ठीक होतं. पण बाबा घरातच होते. दिवेलागणीला दाराच्या चौकटीत यायचे, अर्ध्या गालावर तोच फेस, आणि तो कामाला बसला की खुर्चीमागे उभे राहायचे. लहानपणी तो पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचा. पुढे भीती जुनी झाली, अंगवळणी पडली, आणि म्हातारपण दिसू लागल्यावर तर तो त्यांच्याशी चक्क बोलू लागला. हे बघा बाबा, याची नळी बदललीय, लोकांना वाटतं आपल्याला कळत नाही. बाबा काही बोलायचे नाहीत. गालावरचा फेस मात्र कधी वाळला नाही.

मग परवान्यांचा नवा नियम आला. एका ठरावीक सालाआधीचं हत्यार जुनी वस्तू म्हणून घरात ठेवता येईल, त्यानंतरचं असेल तर सरकारजमा. परवाना आईच्या नावावर होता आणि आईने ऐंशी ओलांडली होती. कचेरीतला कारकून हसून म्हणाला की इतरांना आम्ही तुमच्याकडेच पाठवतो, तुमचं साल तुम्हीच लिहून आणा. घरी आल्यावर आईचं मात्र भलतंच. जमा करून टाक, म्हणाली, बघत काय बसायचंय त्यात. जेवताना पुन्हा तेच, पान उचलताना पुन्हा तेच. त्याला वाटलं, आपल्याला यातना होऊ नयेत म्हणून बिचारी काळजी करतेय.

दुपारी त्याने ते टेबलावर ठेवलं. भिंग घेऊन मूठ उलटी केली. कडी किणकिणली आणि भर दुपारी बाबा येऊन मागे उभे राहिले.

नंबर कडीच्या बैठकीला चिकटूनच होता. त्याने तो वाचला, मनात हिशेब केला. बाबा जायच्या आधी बऱ्याच वर्षांचा. म्हणजे तेच. त्याला रडू यायला हवं होतं, पण आलं ते समाधान. एवढ्या वर्षांचं ओझं निदान खोटं नव्हतं. त्याने साल लिहायला पेनाचं टोपणसुद्धा काढलं.

आणि तेवढ्यात त्याचं बोट सवयीने चापाभोवतीच्या कमानीवर गेलं. तिथे पुढच्या बाजूला एक छोटा स्क्रू असायला हवा होता. नव्हता. निघालेला नव्हता, बुजवलेला नव्हता, तिथे मुळात भोकच पाडलेलं नव्हतं. या कारखान्याने तो स्क्रू फार उशिरा बंद केला होता.

आता कारखान्याची रीत अशी की आकडे एका मर्यादेपर्यंत गेले की पुन्हा एकापासून सुरुवात करायची, फक्त आकड्याआधी एक अक्षर ठोकायचं. ते अक्षर सुटलं तर माणूस खुशाल वीसपंचवीस वर्षांनी चुकतो. नवशिके हटकून इथेच फसतात आणि नवशिक्यांवर तो सगळ्यात जास्त इथेच डाफरत असे. कडी मागाहून कोणीतरी बसवली होती, नेमकी आकड्याआधीच्या जागेवर. जे दुसऱ्या कोणाच्याही रिव्हॉल्व्हरवर त्याने आधी केलं असतं, ते आता केलं. कडीचा स्क्रू सोडवला, बैठक उचलली, खालचा मळ काडीने खरवडला.

तिथे अक्षर होतं.

त्याने भिंग पुसून पुन्हा बघितलं. हिशेब पुन्हा मांडला. हे रिव्हॉल्व्हर बाबा गेल्यानंतर चार वर्षांनी बनलेलं होतं.

आई आतल्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत होती. तो दारात जाऊन उभा राहिला.

"आई, हे बाबांचं नाही."

"पोलिसांनी परत दिलं ते हेच," ती मान वर न करता म्हणाली.

"हे तेव्हा बनलेलंच नव्हतं."

"तुझी चूक होत असेल."

"माझी होत नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याने गिऱ्हाइकांना शेकडो वेळा ठसक्यात ऐकवलं होतं. आज ते अगदी काकुळतीला आल्यासारखं निघालं.

तिने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली, आणि मग टॉवेल मांडीवर ठेवून बोलू लागली. आवाज चढवला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. खरं हत्यार पोलिसांनी नेलं ते परत आलंच नाही. त्या दिवशी बाबांनी आईचं डोकं भिंतीवर आपटलं होतं, आणि ती काही पहिली वेळ नव्हती. ताई तेव्हा पंधरा वर्षांची होती. ड्रॉवर कुठला ते तिला ठाऊक होतं. तो स्वतः मागच्या खोलीत होता, तापाने फणफणलेला, गाढ झोपेत.

"पाच वर्षांच्या पोराला कोण काय करणार होतं?" आई म्हणाली. "ताईला घेऊन गेले असते. तिचं सगळं आयुष्य मातीत गेलं असतं. मला वाटलं, तू लहान आहेस, विसरशील."

"मग हे कशाला आणलंस?"

"विसरायचं सोडून तुला नको तेच आठवायला लागलं. नऊ वर्षांचा झालास आणि म्हणायला लागलास, मी तर झोपलो होतो. शाळेत बोलला असतास तर? म्हणून एकाकडून हे मिळवलं. तुझ्या हातात दिलं आणि रोज सांगत राहिले. सांगता सांगता तुला आठवायला लागलं."

तो चौकटीला टेकला.

"आणि आरसा? फेस?"

"ते मीच सांगितलं. काहीतरी सांगायला हवं होतं ना." आईने मांडीवरच्या टॉवेलची कड सरळ केली. "त्यांना दाढी होती रे. चांगली छातीपर्यंत. ते कधी दाढी करायचेच नाहीत."

मग तिने एकच मागणं मागितलं. ताईला कळू देऊ नकोस की तुला कळलंय. त्याने मान हलवली. दुसऱ्यांसाठी ओझं वाहायची सवय एवढ्या वर्षांत इतकी मुरली होती की नाही म्हणायचं त्याला सुचलंच नाही. राग आला. मनगटं काड्यांसारखी झालेल्या बाईवर ओरडायचं कसं ते कळेना, तेव्हा तो राग तसाच गिळून तो आपल्या खोलीत येऊन बसला.

संध्याकाळ झाली. त्याने दिवा लावला. चौकट रिकामी होती.

खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं. आपण कोणाला मारलं नाही, एवढं कळायला माणूस काय वाटेल ते देईल. तो सुटला होता. पण नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती. त्याने खुर्ची वळवून ठेवली, दिवा बारीक केला, पुन्हा मोठा केला. डोळे मिटून छातीपर्यंत दाढी असलेला माणूस डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. दाढी आली, चेहरा आला नाही. त्या माणसाचा आवाज, हात, चालणं, यातलं त्याच्यापाशी काहीही नव्हतं. बाप म्हणून त्याच्याजवळ एकच माणूस होता, गालावर फेस असलेला, आणि त्याला तर आईने घडवलं होतं. पण तोच दिवेलागणीला यायचा. तोच खुर्चीमागे उभा राहायचा. आयुष्यभराची सोबत त्याचीच होती.

अर्ज टेबलावर पडला होता. सालाची जागा कोरी होती. त्याने अर्ज बाजूला सारला, कडी पुन्हा जागेवर बसवली, स्क्रू पिळला. मग रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरलं, लहान मूल धरतं तसं, आणि हलवलं. कडी किणकिणली. त्याने दाराकडे बघितलं. पुन्हा हलवलं.

"बाबा," तो म्हणाला. "या ना. मी काही केलं नाही. या."

आतून आईचा आवाज आला. "कोणाशी बोलतोयस रे?"

तो बराच वेळ चौकटीकडे बघत राहिला.

"कोणाशीच नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.