हिरवा रंग मी निवडला

हिरवा रंग मी निवडला, हे आधीच सांगून टाकते. नंतर सगळ्या जणी डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत होत्या, पण डॉक्टर एवढंच म्हणाले होते की पांढरी साडी बंद. रंगाचं पाप माझं.

साल २००४. शिरूरला आमचं वीस खाटांचं हॉस्पिटल, बरीचशी बाळंतपणं. सहा नर्सा आणि त्यांच्यावर मी, कस्तुराबाई. डॉक्टर पुण्यातलं कुठलं तरी मोठं हॉस्पिटल बघून आले आणि त्यांच्या डोक्यात बसलं, की नर्सनं टॉप आणि पँट घालायची. पदर सलाइनच्या स्टँडला अडकतो, निऱ्या फरशीवरची घाण गोळा करतात. खोटं नव्हतं ते. ड्यूटीवर बांगड्या आणि मंगळसूत्र घालायचं नाही हा नियम तर आधीपासूनच होता. आल्या आल्या आम्ही सगळं काढून पर्समध्ये टाकायचो. टिकली तेवढी चालायची, तीही कुणी लावायची, कुणी नाही.

शिंप्यानं कापडाचे तीन तुकडे आणले. निळा मी लगेच बाजूला सारला, कारण शिक्रापूरच्या कंपन्यांतली पोरं तसल्याच निळ्यात हिंडतात. गुलाबी दोन धुण्यांत विटला असता. हिरव्यावर रक्ताचा डाग पटकन दिसत नाही, म्हणून हिरवा.

"पांढऱ्यातच टॉप शिवला तर न्हाई का चालणार?" अनिता म्हणाली.

अनिता निमोण्याहून यायची. चार वर्षं माझ्या हाताखाली. हात हलका, बोलणं त्याहून कमी.

"तुला पांढऱ्याचा एवढा सोस कसला गं? डाग घासून घासून तुझीच नखं झिजली," मी फटकारलं. ती गप्प झाली. गप्प बसलेलं माणूस राजी आहे असं मी धरून चालते, हा माझा जुना रोग.

पहिल्या दिवशी ती हिरवा टॉप घालून बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काय गं, डोहाळजेवणाला निघालीस काय? बोलवू का तुझ्या शिक्रापूरच्या साहेबांना बघायला?" तिचा नवरा शिक्रापूरला कंपनीत, एवढंच आम्हाला ठाऊक. सगळ्या खिदळल्या. तीही ओठ हलवून हसली.

नंतरच्या आठवड्यात एके सकाळी ती आली ती थेट माझ्या टेबलाशी. साडी कशीबशी गुंडाळलेली, डोळे सुजलेले.

"सिस्टर, माझ्या प्रगतीला नेली."

प्रगती तिची सहा वर्षांची मुलगी. मी उभी राहिले. "कुणी नेली? कुठं?"

"सासऱ्यांनी. काल मी हितं ड्यूटीला होते तवा. दौंडला, आत्याकडं. म्हणले, तू पाट लावलास, आता पोर आमची."

मला काही म्हणजे काही कळेना. पाट म्हणजे विधवा बाईचं दुसरं लग्न. "डोकं फिरलंय का तुझ्या सासऱ्याचं? नवऱ्याला फोन लाव आधी शिक्रापूरला!"

अनितानं माझ्याकडं पाहिलं. "कुणाला लावू, सिस्टर? पाच वर्षं झाली. शिक्रापूरच्या चौकातच ट्रकखाली गेले."

नोकरीवर घेताना मी विचारलं होतं, नवरा काय करतो? ती म्हणाली होती, शिक्रापूरला कंपनीत. पुढचं 'आहे' माझं मीच जोडलं होतं. चार वर्षं मी त्या मेलेल्या माणसावरून तिची थट्टा करत होते. तोंड झोडून घ्यावंसं वाटलं मला.

"अगं मग बोलली का नाहीस?"

"हितं समद्याच पांढऱ्यात. कुणाच्याच हातात बांगडी न्हाई. कोण सवाशीण आन् कोण रांडाव, कुणाला कळतंय? आठ तास बरं वाटायचं. आन् पांढरी साडी हाय म्हणून तर सासूनं नोकरीला सोडलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या गावचे तात्याबा सुनेच्या बाळंतपणाला आले होते. त्यांनी अनिताला डोक्यापासून पायापर्यंत हिरव्यात, वर कंपाउंडरशी बोलताना पाहिलं. त्यांच्यात पाट लागला की बाईला हिरवी साडी नेसवतात, हिरवा चुडा भरतात. एरवी विधवेनं हिरव्याला हात लावायचा नाही. तात्याबांनी गावात जाऊन सांगितलं, आनंदरावाची सून शिरूरला हिरवं लेऊन हिंडतीय. दुसरं काय समजणार गाव? आणि पाट लावलेल्या बाईची आधीची लेकरं बापाच्या घरी राहतात. त्याला कोर्ट लागत नाही की कागद.

एका टॉपच्या कापडावरून एका आईची पोर गेली होती आणि ते कापड माझ्या पसंतीचं होतं. मी रजा टाकली, अनिताला घेतलं आणि दौंडची एसटी धरली. मुद्दाम हिरव्या ड्रेसवरच गेले. कंडक्टर टकामका बघत होता, बघू दे.

अनिताची नणंद दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. अनिताची सासू साखरबाई तिथंच होती, नातीला पुढ्यात घेऊन वेणी घालत होती. प्रगती आईला बघून उठली, दोन पावलं आली आणि थांबली.

"आई, तुझं नवं घर कुठं हाय?" तिनं विचारलं.

अनिता तिच्यासमोर खाली बसली. माझं डोकं सणकलं. "साखरबाई, काय काय भरवलंत हो पोरीला? हे बघा, माझ्याही अंगावर तेच आहे. डॉक्टरांचा हुकूम आहे, सगळ्यांना एकच रंग. हिनं पाट लावला नाही, काही नाही!"

म्हातारीनं माझा ड्रेस निरखून पाहिला. "तुमचं मालक हायती का?"

"आहेत की."

"मंग तुमी घाला, बाई." ती चिडली नाही, ओरडली नाही. "तुमचं खरं असंल. पर गावानं हिला हिरव्यात बघितली. माझा ल्योक गेला, आता ही नात बी गेली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? खाली पायजमा घालू द्या न्हाईतर काय बी घालू द्या. रंग पांढरा. गावाला पांढऱ्यात दिसू द्या, म्या लगीच पोर हिच्या पदरात घालते."

मी वाद घालायला तोंड उघडलं. त्याआधीच अनिता म्हणाली, "घालते."

डॉक्टर आधी ऐकेनात. एकीला वेगळा रंग दिला तर नियमाला काय अर्थ, म्हणाले. मी म्हटलं, मग माझाही राजीनामा घ्या. बाळंतपणं कोण सांभाळणार या भीतीनं असेल, पण त्यांनी मान हलवली. शिंप्याकडून दोन दिवसांत पांढरा टॉप आणि पांढरी पँट शिवून आणली. अनितानं ते गावात घालून दाखवलं, साखरबाईंनी शब्द पाळला. प्रगती निमोण्याला परत आली, शाळेत जायला लागली. मी स्वतःवर इतकी खूश, की स्टाफला पेढे वाटले.

सोमवारी अनिता पांढऱ्यात आली. वॉर्डात आम्ही सगळ्या हिरव्या आणि ती एकटी पांढरी. खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुपारी एक पोरगी बाळंत झाली. पहिलटकरीण, चौदा तास अडलेली. अनिता रात्रपाळीच्या नर्सनंतर सकाळपासून तिच्या उशाशी होती. नाळ तिनं कापली, बाळाला उलटं धरून रडवलं तिनंच. पुसून, दुपट्यात गुंडाळून ती त्याला बाहेर आजीकडं घेऊन गेली. मी दारातच होते.

आजीनं हात पुढं केले. मग तिची नजर अनिताच्या कपड्यांवर गेली, मोकळ्या मनगटांवर गेली, तिथून माझ्यावर आली आणि परत अनितावर. तिनं हात मागं घेतले.

"ह्या पांढऱ्या बाईच्या हातून नगं," ती मला म्हणाली. "पयलं लेकरू हाय आमचं. तुमी द्या."

चार वर्षांत शेकडो बाळं या बाईनं लोकांच्या ओटीत घातली होती आणि कुणी हू की चू केलं नव्हतं. आता ती विधवा आहे हे गावालाही दिसत होतं आणि सगळ्या वॉर्डालाही दिसत होतं, आणि ते मीच भांडून मिळवून दिलं होतं. मी म्हातारीला असं काही सुनावणार होते की तिच्या सात पिढ्या आठवल्या असत्या.

अनिता वळली आणि बाळ माझ्यापुढं धरलं.

"घ्या सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी पोर माझ्या घरी हाय."

मी बाळ घेतलं.