शिल्लक एक

"स्कॅनर कुठाय?" आत पाऊल टाकताच तिने विचारलं.

"खणात असेल," गोदामप्रमुख म्हणाला. "चार्ज आहे का, ते मात्र विचारू नकोस."

गोदामप्रमुख म्हणजे तिचा नवरा. ती मुख्य कार्यालयातून न कळवता आली होती, आणि न कळवता आलेली बायको तपासणीवाल्या साहेबापेक्षा वाईट, असं मामा तिच्यादेखतच बोलून मोकळे झाले. मामा तिथले सगळ्यात जुने हमाल. ट्रकमध्ये उभे राहून ते पंपाच्या सुट्या भागांचे खोके खाली देत होते, खालचा पुढच्याला देत होता, आणि खोके जमिनीला न टेकता आपापल्या जागी जाऊन बसत होते. काम बघत राहावं असं चाललं होतं. फक्त एकाही खोक्याची नोंद होत नव्हती.

"खोका उचलला की तिथल्या तिथे स्कॅन करायचा," ती म्हणाली. "किती वर्षं सांगतेय मी?"

"अगं, दोन्ही हातांत खोका असताना ते यंत्र धरायचं कुठं, दातात? आधी माल, मग मशीन. संध्याकाळी बसतो मी निवांत आणि सगळ्यांना टीक टीक करून टाकतो. एक खोका इकडचा तिकडे होत नाही माझ्याकडे."

"होत नाही, माहितीये. पण सिस्टीमला काय दिसतं?"

"काय दिसतं?"

मामांचे कान इकडेच होते. ती कपभर चहा घेऊन परत गेली.

व्हिजिटिंग कार्डावर तिचा हुद्दा एका ओळीत मावत नसे. 'वहिनी, तुम्ही नेमकं करता काय?' असं नणंदेने एकदा विचारलं, तेव्हा तिने सोपं करून सांगितलं होतं की कुठल्या गोदामातून कुठल्या दुकानात किती माल कधी जायचा, हे ठरवणारी एक सिस्टीम आहे आणि ती मी सांभाळते. 'म्हणजे ठरवणार ती आणि निस्तरणार तुम्ही,' नणंद म्हणाली, 'दादाबरोबर चाललंय तसंच की.' त्यावर सगळं घर हसलं होतं, नवरा सगळ्यात जास्त.

आता सिस्टीमला विचारलं गेलं होतं की कुठली गोदामं बंद करता येतील. यादीत पहिलं नाव आलं कालव्याकाठच्या, म्हणजे नवऱ्याच्याच गोदामाचं. दिवसभराच्या सगळ्या नोंदी संध्याकाळी एकदम येत असल्यामुळे सिस्टीमला तिथे दिवसभर शुकशुकाट दिसायचा, आणि घरी जायच्या वेळी सगळं काम घाईघाईने उरकलेलं. असं गोदाम ठेवायचं कशाला, इतका साधा सिस्टीमचा हिशेब. तिला जे सांगितलं गेलं त्यावरून तिने काढलेलं उत्तर बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी नवरा पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. त्याच्या घड्या दुकानातल्यासारख्या असत, कोपऱ्याला कोपरा.

"आपलं गोदाम यादीत आहे," ती म्हणाली.

"कितवं?"

"पहिलं."

"चला. कशात तरी पहिले आलो."

"हसण्यावारी नेऊ नका. मला हे दुरुस्त करता येतं. माझं नाव घालायचं, कारण लिहायचं, आकडा बदलायचा. नोंदी उशिरा होतात, काम दिवसभर चालतं. खरंच आहे ना हे? खोटं थोडंच लिहायचंय मला?"

त्याने टॉवेल झटकला. "पुलापलीकडच्या गोदामवाल्याला काय सांगितलं होतंस?"

गेल्या वर्षी ते गोदाम असंच यादीत आलं, तेव्हा तो माणूस तिच्या केबिनमध्ये येऊन खुर्चीच्या कडेवर बसला होता. 'मॅडम, आमची माणसं शेवटी एकदम स्कॅन करतात हो. एकदा येऊन बघा तरी.' ती गेली नव्हती, आणि ते गोदाम बंद झालं. दुसरा मार्गच नसेल तेव्हा नाव-कारण लिहून, एरवी आकडा हाताने बदलायचा नाही, हा नियम तिनेच कंपनीत आणला होता, आणि तो किती ठामपणे पाळला हे त्या दिवशी तिने घरी जेवताना रंगवून सांगितलं होतं. नवऱ्याने तेव्हा मान डोलावली होती. विसरला मात्र नव्हता.

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

तिने घडीतला एक शर्ट उगाच उचलून परत ठेवला.

"त्याची बायको तुमच्या ऑफिसात नव्हती," तो म्हणाला. "एवढंच."

तिचा तोल गेला. "तुम्ही ऐकलं असतं तर ही वेळ आली असती का? रोज कानीकपाळी ओरडतेय. तुमच्या हट्टापायी मामांचं काम जाणार आहे, कळतंय का तुम्हाला? या वयात त्यांना कोण ठेवून घेणार?"

तो काहीतरी थट्टेने उडवून लावेल असं तिला वाटलं. पण त्याने हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

"ते खरं आहे," तो म्हणाला. "ते माझ्यामुळे झालं."

इतक्या वर्षांच्या संसारात तो असा पहिल्या झटक्यात कधी कबूल झाला नव्हता. तिला भीतीच वाटली.

तरी बैठकीत ती बोललीच. यादी पडद्यावर आली तेव्हा म्हणाली, "साहेब, या पहिल्या गोदामाच्या नोंदींच्या वेळा बरोबर नाहीत. काम दिवसभर चालतं, स्कॅनिंग संध्याकाळी होतं."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

टेबलाभोवतीच्या माणसांना आपापल्या कपात काहीतरी दिसू लागलं. गोदाम कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. तो डाफरला असता तर बरं झालं असतं, तिला भांडता आलं असतं.

"मॅडम, सिस्टीम तुमची आहे," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही म्हणत असाल तर हे नाव तूर्त काढू. महिनाभर त्यांना नीट स्कॅन करू दे, मग बघू. बोला."

'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं. एवढंसं अक्षर. ते उच्चारलं की मामा ट्रकमध्ये, नवरा त्याच्या टेबलाशी, सगळं जागच्या जागी राहणार होतं. आणि नेमका तेव्हाच तिला खुर्चीच्या कडेवर बसलेला तो माणूस दिसायला लागला. तो निघताना 'थँक्यू मॅडम' म्हणाला होता. कशाबद्दल, देव जाणे.

"पुलापलीकडच्या गोदामाला आपण महिना दिला होता का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग यादी आहे तशीच जाऊ दे."

नंतर स्वच्छतागृहात नळ सोडून ती पोटभर रडली. आपण फार मोठं काही केलं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. स्वतःचा रागच येत होता, आणि मामांना तोंड कसं दाखवायचं हे सुचत नव्हतं.

बाकीच्या हमालांना मोठ्या गोदामात घेतलं. मामांना वयामुळे नाही घेतलं. नवऱ्याला मुख्य कार्यालयात टेबल देऊ केलं होतं, त्याने नको म्हणून सांगितलं. "तुझ्या हाताखाली? घरी आहे तेवढं पुरे," म्हणाला, आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

शेवटच्या दिवशी कालव्याकाठचा सगळा माल मोठ्या गोदामात हलवायचा होता. ती सकाळीच ऑफिसात येऊन पडद्यासमोर बसली. संध्याकाळपर्यंत काही दिसणार नाही हे माहीत असूनही बसली. आणि गोदाम उघडायच्या वेळेलाच पहिली नोंद आली. एक खोका बाहेर. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा. खोका उचलायला, दारापर्यंत न्यायला जेवढा वेळ लागतो तेवढंच मध्ये अंतर. पंख्याच्या मोटारींचे जड खोके आले तेव्हा नोंदी संथ झाल्या, हलक्या मालाला पुन्हा भराभर येऊ लागल्या. मध्येच सगळं थांबलं, तेव्हा ते चहाला बसले असणार हे तिने ओळखलं. कोणीतरी सही घ्यायला आलं, त्याला तिने नंतर ये म्हणून घालवलं. दुपारचा डबाही तिने उघडला नाही. कुठल्याच गोदामाचं इतकं चोख काम तिने आजवर पाहिलं नव्हतं. नव्या लोकांना शिकवताना दाखवावं असं होतं ते.

संध्याकाळी आकडा उतरत उतरत एकावर येऊन थांबला. तिने वाट पाहिली. मग गोदाम बंद करायची आज्ञा दिली, तर उत्तर आलं, शिल्लक एक, माल शून्य झाल्याशिवाय बंद करता येत नाही. उरलंय काय म्हणून तिने नोंद उघडून पाहिली. स्कॅनर होता.

ती घरी पोचली. मागोमाग नवरा आला तेव्हा अजून उजेड होता. त्याने पिशवीतून स्कॅनर काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"हा राहिला. याचं बारकोडचं स्टिकर याच्याच पोटाखाली आहे. मामांनी हात धुवायच्या जागेचा आरसा काढून आणला, तरी जमेना."

"मामा काही म्हणाले?"

तो बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर म्हणाला, "शेवटचा खोका त्यांनीच धरला, मी स्कॅन केला. मग म्हणाले, बाईंना सांगा, सोपं होतं की हे."

तिने लॅपटॉप उघडला. स्कॅनर हाताने शून्य करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. तिच्याच नियमाप्रमाणे आधी नाव मागितलं गेलं. तिने स्वतःचं नाव घातलं. मग कारण मागितलं गेलं.

"काय लिहू?"

"खरं असेल ते लिही."

'गोदामप्रमुखांनी जमा केला,' असं तिने लिहिलं आणि बटण दाबलं. चालू गोदामांच्या यादीत कालव्याकाठच्या गोदामाचं नाव करडं झालं. ती त्या नावाकडे बघत तशीच बसून राहिली. डोळे भरून आले होते, पण ते पुसावेत असंही तिला वाटलं नाही.

मागे खुडबुड ऐकू आली म्हणून तिने वळून पाहिलं. नवरा भिंतीशी वाकून स्कॅनरची वायर प्लगला लावत होता. स्कॅनरवरचा बारीक दिवा लागला.

"आता कशाला?" तिने विचारलं.

"उद्या परत करायचाय ना," तो म्हणाला. "रिकामा कसा द्यायचा?"