झाकणाखालची पट्टी

पट्टी हिरवी झाली आणि आचाऱ्याने हातातला लोखंडी झारा मासेवाल्याच्या कानशिलावर हाणला.

"पेशंटला सडकं घालतोस?"

मासेवाला आपल्या मासळीच्या पेटीशेजारी कोसळला. वरून वॉर्डबॉयची लाथ बसली. गेल्या आठवड्यात जेवणातले मासे बाधून एक रुग्ण दगावला होता. तेव्हापासून दवाखान्याचं स्वयंपाकघर कुणाच्या तरी नरडीला हात घालायला टपलेलंच होतं.

प्रयोगशाळेतले फडकेकाका दारात छाती काढून उभे होते. फडकं सदा खांद्यावर, म्हणून हे नाव. पट्टी त्यांनीच बनवली होती: कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या चिकट द्रावणात जांभळ्या कोबीचा रस घालून काचेवर वाळवलेली. मासा सडला की त्यातून सुटणाऱ्या अमोनियासारख्या वाफेने ती जांभळ्याची हिरवी व्हायची. तीस वर्षं काचा पुसणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी पहिल्यांदाच "तुम्ही तपासा" म्हटलं होतं. टरफलं हाच मासेवाला फुकट द्यायचा, वर "काका, सोनं काढताय की काय?" म्हणून चिडवायचा.

"काका, सांगा ना यांना! पहाटेची मासळी आहे!" मासेवाल्याच्या तोंडातून रक्त आलं, दातही पडला.

"पट्टी खोटं बोलत नाही," काका म्हणाले.

पेटीच्या झाकणावर रक्त उडालं होतं. सवयीने काकांनी ते पुसायला फडकं खाली घेतलं आणि वास नाकात शिरला. अमोनिया! सकाळी याच फडक्याने अमोनिया लावून काचा पुसल्या होत्या. आणि पट्टी चिकटवण्याआधी झाकणही, आतून.

"थांबा! माझी चूक झाली! मासा चांगलाय!"

ऐकतो कोण? काकांनी मासेवाल्यावर अंग टाकलं. झारा पाठीत बसला, मग मनगटावर. हाड कडकन मोडलं तेव्हा कुठे आचारी भानावर आला. एकेक जण आत सटकला.

"दुसरी पट्टी आहे?" मासेवाल्याने विचारलं.

काकांनी धड हाताने खिशातून काढून दिली. मासेवाल्याने झाकण पाण्याने खळखळून धुतलं, पट्टी लावली. दोघं पेटीपाशी बसून राहिले. काकांना रडू आवरेना. अर्ध्या तासाने झाकण उघडलं. पट्टी जांभळीच होती.

"बोलवा आता त्यांना."

काकांनी दोनदा हाक मारली. आत भांडी वाजत राहिली, बाहेर कुणी आलं नाही.

मासेवाला उठला. पेटी उचलायला काकांनी धड हात पुढे केला.

"नको," तो म्हणाला आणि एकट्यानेच ती डोक्यावर घेतली.