हातात न मावणाऱ्या वस्तू

तिने लॅपटॉपचं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि श्वास रोखून सोडलं. पडदा उजळला. काळ्यावर पुन्हा तीच पांढरी ओळ आली: डिस्क सापडली नाही.

"सापडत कशी नाही? तुझ्याच पोटात आहे की!" ती लॅपटॉपवर खेकसली.

त्या पोटात अंध मुलांसाठीचं पुस्तक होतं. हत्ती, पूल, जहाज, दीपगृह अशा हातात न मावणाऱ्या वस्तूंची, उठावाच्या रेघांनी काढलेली, बोटांनी वाचायची चित्रं. त्यासाठी ती वर्षभर खपली होती. उद्या सकाळी छापखान्यातलं उठावाचं यंत्र तिच्यासाठी मोकळं ठेवलं होतं. ती वेळ चुकली की यंत्र दुसऱ्या कामाला जाणार, आणि शाळा सुरू होताना मुलांच्या हाताखाली काहीच नसणार. चित्रांची दुसरी प्रत करायची करायची म्हणत राहूनच गेली होती.

"दुकानात टाक ना," नवरा फोनवर म्हणाला.

"विचारलं. आठवडा लागेल म्हणतात."

"मग?"

"मग काय, मीच बघते. तुझा कॉम्प्युटर घेतेय."

तिने पदर खोचला. नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून शोधाशोध केली, आणि डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करायची सोय तयार केली. पहिल्यांदा भलतंच बटण दाबलं गेलं. दुसऱ्यांदा पेनड्राइव्ह ओळखलाच गेला नाही. तिसऱ्यांदा पडद्यावर अनोळखी, निळसर रंग पसरला आणि कोपऱ्यात तिच्या डिस्कचं चित्र दिसलं. तिने ती फक्त वाचण्यापुरती उघडली, बाहेरची नवी डिस्क जोडली आणि सगळं तिकडे उतरवायला लावलं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. तेव्हा कुठे तिला चहाची आठवण झाली.

आधण उकळत होतं तेवढ्यात खोलीतून आवाज आला. टक.

ती धावली. दारात सासरे समोर आले. मागे पडदा काळाठिक्कर.

"खोलीत कुणी नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून बंद केलं."

सासऱ्यांची हयात कारखान्यात वायरमन म्हणून गेली होती. चालू राहिलेल्या एका बटणापायी अख्खं गोदाम जळालेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून रिकाम्या खोलीत बटण चालू दिसलं की त्यांचा हात आपोआप जाई. रात्री तर ते घरभर फेरी मारूनच झोपत. घरातली मंडळी त्यांना मागून 'मेन स्विच' म्हणत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

"लॅपटॉपचंही? रोज रात्री?" तिने विचारलं.

"मग? तू झाकण लावून जातेस, बटण तसंच." मग ते लॅपटॉपकडे बघत राहिले. "यात बॅटरी नाही का?"

"फुगली होती. केव्हाच काढून टाकली."

त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. झाकण लावून ती लॅपटॉप नुसता झोपवत होती, आणि ते रोज रात्री त्याची वीज तोडून तोंडचा घास काढून घेत होते. सकाळी तो कुरकुरायचा, आणि ती म्हणायची, म्हातारा झालाय.

"म्हणजे मीच..."

"बाबा, आत्ता काही बोलू नका." तिला राग आला होता, अगदी रडू येईल इतका. बॅटरीचं आपणच कुणाला सांगितलं नाही, हे आठवून तो आणखी वाढला. "आधी हे सुरू होऊ दे."

ते सुरू होईना. डिस्क नुसती आतून टकटक करत राहिली. तिने लॅपटॉप पालथा घातला, खालची जाळी पुसली, निवू दिला. पुन्हा लावला. नाही. पुन्हा निवू दिला. दात-ओठ खात तिने चौथ्यांदा बटण दाबलं, आणि कोपऱ्यात डिस्कचं चित्र आलं. या वेळी तिने बाकीचा पसारा सोडून आधी पुस्तकाची चित्रंच घेतली.

मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला. सासरे स्विचबोर्डाला पाठ टेकून बसले होते.

"तुम्ही कशाला बसता?"

"मला माझ्याच हाताचा भरवसा नाही."

दुपारभर ते हलले नाहीत. चहा तिथेच घेतला. चष्मा लावून पडद्यावरून सरकणारी नावं ते ओठांनी वाचत राहिले. संध्याकाळी नवरा घरी आला आणि मोबाइलचा चार्जर घेऊन सरळ स्विचबोर्डाकडे निघाला.

"खबरदार!" सासरे इतक्या जोरात ओरडले की तो आल्या पावली परत गेला. तिला इतक्या तासांत पहिल्यांदा हसू आलं.

छापखान्याचा फोन आला तेव्हा ती गॅलरीत जाऊन बोलून आली. येईपर्यंत पट्टी पूर्ण भरली होती. तिने नवी डिस्क नवऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडली आणि एकेक चित्र उघडलं. हत्तीचे कान शाबूत होते. पूल होता. जहाजही होतं. दीपगृह उघडेना. तिने दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग वळून म्हणाली,

"आली सगळी, बाबा. करा आता बंद."

सासऱ्यांचा हात मांडीवरून उठला नाही.

"दीपगृह आलं नाही," ते म्हणाले. "तू फोनवर होतीस तेव्हा त्याच्यापुढे लाल खूण आली."

खोलीत अंधारून आलं होतं.

"पुन्हा काढता येईल?"

"येईल. त्याची पायरी अन् पायरी पाठ आहे."

"मग बस काढायला."

ती नवऱ्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि कोरं पान उघडलं. पहिली रेघ ओढली तेव्हा कडेला तिला हालचाल जाणवली. सासरे उठले होते. त्यांचा हात बोर्डाकडे गेला, आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

टक.

टेबलावरचा दिवा लागला. सासरे पुन्हा स्टुलावर बसले.