डालग्याखालचं अंडं

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. कोंबड्या झाकून ठेवायची बांबूची टोपली. एकोणीसशे त्रेपन्न साली सुप्याच्या झुंबरबाईंनी मला विणलं. कामट्या ओढताना त्यांची बोटं चिरली, पण वीण त्यांनी कुठेही सैल सोडली नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचं ऋणी आहे.

तिथून मी कऱ्हाटीला रंगूबाईंच्या अंगणात आलं. मोरगावच्या गणपतीपुढे त्यांनी अंडं-मटण सोडलं होतं. कोंबड्या होत्या त्या बाजारासाठी. घरात अंडं शिजवायचं नाही, हा त्यांचा नेम, आणि तो कुणी मोडत नसे.

पुढच्या वर्षी त्यांची सून चंद्राबाई बाळंत झाली. मुलगी झाली; पण चंद्राबाईच्या अंगात त्राण उरलं नाही. भिंत धरून उठायची, घोटभर पेज घेतली की पुरे म्हणायची. दूध आटलं. पोर दिवसभर किरकिरायची आणि मग तेवढाही आवाज तिच्या तोंडून निघेना.

सुप्याहून दवाखान्याच्या नर्सबाई आल्या.

"हिला रोज एक अंडं द्या," त्या म्हणाल्या. "पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचं सत्त्व असतं. यकृताला, मज्जातंतूंना ते उपयोगी पडतं. आईच्या दुधातून बाळालाही त्याचा फायदा होतो."

"भुईमुगात न्हाय का त्ये?" रंगूबाईंनी विचारलं.

"थोडं असतं. बलकात भरपूर."

नर्सबाई गेल्यावर चंद्राबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला शेंगदाणंच द्या. तुमचा नेम मोडाया नगं."

रंगूबाई उठल्या. अंगणात येऊन माझ्यावर हात ठेवून बसल्या. मग त्यांनी मला उचललं, कोंबडीखालचं कोमट अंडं काढलं आणि बाहेर तीन दगड मांडून स्वतः उकडलं. सोलून सुनेपुढे धरलं.

"नेम माजा हाय, पोरी. तुजा न्हाय. खा."

चंद्राबाई खाता खाता रडली. शेवटचा घास जाईपर्यंत रंगूबाई तिथून हलल्या नाहीत.

रोज एक अंडं, सोबत भाकरी, डाळ, दूध. दोन महिन्यांनी चंद्राबाई गुटगुटीत लेक कडेवर घेऊन विहिरीवर गेली. रंगूबाई बायकांना सांगत सुटल्या, "बलकात लेशितीन असतंय, बाळंतिणीला द्या!"

आता माझ्या कामट्या मोडल्यात. माझ्यात गोवऱ्या भरतात. तक्रार नाही, अशा घरात राहायला मिळालं, हेच खूप झालं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. जेवायला बसाल, तेव्हा आईच्या ताटात काय वाढलंय तेही बघा. ती 'मला नको' म्हणाली, तर लगेच खरं मानू नका.